पश्चिमेतला बुद्ध : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशी विद्यापीठांतल्या पालीच्या अभ्यासावर मी थोडेसे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. आयुष्यभर पाली शिकवली, काही वर्षे इंग्लंडमध्येही शिकवली. त्यामुळे उत्तरांत माझी मते डोकावणारच.

आमच्या कंपनीने सगळ्यांना माइंडफुलनेसचे ॲप दिले आहे. रोज दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्यायचे. वडील म्हणतात, ही तर आपली विपश्यनाच. सहकारी म्हणतात, याचा धर्माशी काडीचा संबंध नाही. खरे काय?

मूळ शोधायचे तर वडिलांचे खरे आहे. १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी एक वर्ग सुरू केला. ते स्वतः झेन (जपानमधली ध्यानप्रधान बौद्ध परंपरा) आणि विपश्यना या दोन्ही परंपरांत शिकलेले. वर्गात येणारे बरेचसे लोक जुनाट दुखण्यांनी गांजलेले होते आणि औषधांनी जे व्हायचे ते होऊन गेले होते. कोणत्याही धर्माच्या रुग्णाला संकोच वाटू नये म्हणून कबाट-झिन यांनी बुद्धाचे नाव मुद्दाम बाजूला ठेवले. आठ आठवड्यांचा क्रम, दर आठवड्याला गटासोबत दोन-अडीच तास आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवतात. तो उजेडात धरून बघायचा, त्याच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवायचे, कानाजवळ नेऊन चिमटीत दाबून ऐकायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि लगेच चावायचा नाही. मी हे एका गटात बसून केले आहे. शेजारच्या बाई संधिवाताने बेजार होत्या. एक मनुका खायला त्यांना काही मिनिटे लागली आणि तेवढा वेळ दुखण्याकडे लक्ष गेले नाही, असे त्या आपणहून म्हणाल्या. अशा उपयोगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. याच धर्तीवरची, वारंवार येणाऱ्या नैराश्यासाठी बेतलेली उपचारपद्धती ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक सूचनांत २००४ पासून आहे.

तक्रार आहे ती पुढे जे झाले त्याबद्दल. गट गेला, शिक्षक गेला, आठ आठवडे गेले. उरली दहा मिनिटे आणि कानातला आवाज. बुद्धाच्या अष्टांगिक मार्गात सम्यक् स्मृती, म्हणजे ज्याला आज माइंडफुलनेस म्हणतात ती, सातवी येते. तिच्याआधी वाणी, कर्म आणि आजीविका आहेत. तुमची कंपनी तुम्हाला शांत व्हायला सांगते, पण ज्या कामाच्या बोजाने तुम्ही अशांत झालात त्याबद्दल बोलते का? सम्यक् आजीविकेचा प्रश्न मालकालाही लागू आहे. तो वगळून उरलेल्या गोष्टीला बुद्धाचा मार्ग म्हणायला माझी तयारी नाही.

उपयोगाच्या दाव्यांचे म्हणाल, तर २०१४ साली अमेरिकेत ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फायदा दिसला, मात्र व्यायाम किंवा औषधे यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा माइंडफुलनेसचा वेगळा लाभ दिसला नव्हता. तुम्हाला बरे वाटत असेल तर जरूर करा. पण झोप उडाली, अकारण भीती दाटू लागली, जुना आघात पुन्हा पुन्हा वर येऊ लागला, तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्यांच्या अशा त्रासांची तपशीलवार नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध केली आहे. त्या साधकांत अनुभवी माणसे होती, शिक्षकही होते. तेव्हा असा त्रास म्हणजे आपला कमकुवतपणा, असे मानू नका.

‘कशावरही विश्वास ठेवू नका, मग ते मी सांगितलेले का असेना, तुमच्या बुद्धीला पटले तरच माना’ हे बुद्धवचन इंग्रजीत सगळीकडे फिरते. ते खरे आहे का?

या रूपात ते त्रिपिटकात, म्हणजे बुद्धवचनांच्या मूळ ग्रंथसंग्रहात, नाही. ज्याच्यावरून ते बेतले आहे ते कालामसुत्त (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) त्रिपिटकातल्या अंगुत्तरनिकाय या भागात आहे. केसपुत्त गावचे कालाम बुद्धाला सांगतात की आमच्याकडे एकामागून एक श्रमण येतात, स्वतःचे गोडवे गातात आणि दुसऱ्याचे मत धुडकावतात. आम्ही कोणाचे ऐकावे? बुद्ध दहा गोष्टी सांगतात, ज्यांच्या भरवशावर काही मानू नये. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून. इथवर फिरत्या वाक्यासारखेच आहे. पण त्याच यादीत तर्क आहे, अनुमान आहे, आणि आपल्या मताशी जुळते म्हणून मानणेही आहे. म्हणजे ‘माझ्या बुद्धीला पटले’ एवढेसुद्धा पुरेसे नाही!

मग कसोटी कोणती? बुद्ध कालामांनाच विचारतात : माणसाच्या मनात लोभ उपजला तर तो त्याच्या हिताचा की अहिताचा? लोभाने घेरलेला माणूस हिंसा करतो, चोरी करतो, खोटे बोलतो, दुसऱ्यालाही तेच करायला लावतो, हे खरे की नाही? मग द्वेष आणि मोह यांबद्दल तोच प्रश्न. कालाम एकेक उत्तर देत जातात. जाणत्यांनी कशाची निंदा केली आहे, हेही बघायचे असते. हा सगळा संवाद आचरणाबद्दल आहे. फिरत्या वाक्यातून नेमके आचरण गळाले आणि उरली ती ज्याची त्याची पसंती. ज्या समाजात हे वाक्य लोकप्रिय झाले त्याला हवे तेवढेच त्याने उचलले, असे मला वाटते.

रागाच्या निखाऱ्याचे वाक्यही असेच बुद्धाच्या नावावर खपते. दुसऱ्याला मारायला निखारा उचलणारा आधी स्वतःचा हात भाजून घेतो, ही कल्पना पाचव्या शतकातल्या बुद्धघोष या भाष्यकाराच्या विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथात आहे. तिथे निखाऱ्याच्या जोडीला विष्ठाही आहे : ती उचलणारा आधी स्वतःच दुर्गंधित होतो. शुभेच्छापत्रावर तेवढी विष्ठा काही आली नाही.

मुलीला परदेशात बौद्ध अध्ययनात एम.ए. करायचे आहे. तिथे नेमके काय शिकवतात? त्यासाठी बौद्ध असावे लागते का?

बौद्ध असण्याची अट नसते. शिकवणाऱ्यांत साधक असतात, नास्तिक असतात, ख्रिस्ती घरांत वाढलेले असतात. वर्गात कोणी कोणाची श्रद्धा विचारत नाही. अट असते ती भाषांची. पाली आणि संस्कृत हव्यातच, पुढे संशोधन करायचे तर तिबेटी किंवा चिनीही, आणि जुने संशोधन वाचायला फ्रेंच, जर्मन किंवा जपानी. तुमची मुलगी आत्ताच एखादी भाषा नेटाने सुरू करू शकली तर तिची वाट निम्मी सोपी होईल.

काय शिकवतात ते सांगायला मला फार आवडेल, कारण या विद्याशाखेने स्वतःलाच कसे दुरुस्त केले हे बघण्यासारखे आहे. फ्रान्समध्ये यूजीन बर्नूफ यांनी नेपाळमधून आलेल्या संस्कृत हस्तलिखितांवरून १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास मांडला. इंग्लंडमध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटी काढली आणि पाली त्रिपिटक रोमन लिपीत छापले जाऊ लागले. हे काम थोरच. पण त्या पिढीने एक गोष्ट गृहीत धरली : खरा बौद्ध धर्म ग्रंथात आहे आणि धातुपूजा (बुद्धाच्या अवशेषांची पूजा), मूर्ती, विहारातली गर्दी ही नंतरची घसरण आहे. एक शतकभर तोच सूर राहिला. मग ग्रेगरी शोपेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी पोथ्या बाजूला ठेवून शिलालेख वाचायला घेतले. सांची आणि भरहूतच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत आणि त्यांत भिक्षू-भिक्षुणी मोठ्या संख्येने आहेत. ज्यांच्याजवळ काही नसावे असे ग्रंथावरून वाटते, ते स्तूपाच्या कठड्यासाठी दान देत होते. स्तूपाची पूजा हा अडाणी उपासकांचा छंद होता, ही समजूत तिथेच मोडली.

दुसरे उदाहरण भूर्जपत्रांचे. १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत मातीच्या भांड्यांसह भूर्जपत्राच्या काही गुंडाळ्या आल्या, खरोष्ठी या प्राचीन लिपीत, वायव्येकडच्या गांधारी भाषेत, सुमारे पहिल्या शतकातल्या. बोट लावले तर चुरा व्हावा अशी अवस्था. संवर्धकांनी त्या दमट हवेत ठेवून नरम केल्या, चिमट्यांनी एकेक पदर उलगडला आणि काचांमध्ये बसवला. वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड सॉलोमन आणि त्यांचे सहकारी ते तुकडे जुळवत आले आहेत. एका तुकड्यावरचे अक्षर अर्धे तुटलेले असते आणि ते ओळखायला पाली, संस्कृत, चिनी अशा सगळ्या आवृत्त्या समोर मांडून बसावे लागते. मुलीला असल्या कामाची गोडी असेल तर तिला निश्चिंतपणे पाठवा.

धर्मानंद कोसंबींचे नाव मात्र तिला जाण्याआधी नीट सांगा. अमेरिकन अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरेन विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम अपुरे ठेवून वारले, ते पुरे करायला कोसंबींना १९१० मध्ये हार्वर्डला बोलावले गेले. त्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या अनेक वाऱ्या केल्या. तो ग्रंथ हार्वर्ड प्राच्य मालेत निघाला १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. पाश्चात्त्यांनी बौद्ध धर्म शोधून काढला असे कोणी तिच्यासमोर म्हणाले, तर त्या ग्रंथाचे शीर्षकपान तिने दाखवावे.

इंग्रजी चित्रपटांत आणि मासिकांत बौद्ध म्हटले की तिबेटी लामा नाहीतर ध्यानाला बसलेली गोरी माणसे. तिकडचे बौद्ध खरेच असे असतात का?

नाही. प्यू संशोधन संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेतल्या बौद्धांपैकी सुमारे दोन-तृतीयांश आशियाई वंशाचे आहेत. जपानी जोदो शिन्शू पंथाचे धर्मोपदेशक सॅन फ्रान्सिस्कोत १८९९ मध्येच पोचले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले, त्यांतले बरेच जण बौद्ध होते. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर पकडलेल्या पहिल्या लोकांत बौद्ध पुरोहित होते, केवळ पुरोहित आहेत एवढ्यावरून संशयित ठरलेले. जोदो शिन्शूच्या अमेरिकेतल्या संघटनेने ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ हे नाव घेतले तेही १९४४ मध्ये, युटातल्या टोपाझ छावणीत. तारेच्या कुंपणाआड बुद्धजयंती साजरी करणाऱ्या या माणसांवर किती चित्रपट निघाले?

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे थाई विहार बघा. दर रविवारी उपासक तिथे स्वयंपाक करून लोकांना खाऊ घालतात, त्यावर विहाराचा खर्च चालतो आणि रांधणाऱ्यांना पुण्य लाभते. २००८ मध्ये काही शेजाऱ्यांनी गर्दी आणि वासाबद्दल पालिकेकडे तक्रार केली. सुनावणीला उपासकांनी येऊन सांगितले की हा स्वयंपाक हीच आमची उपासना आहे. परवानगी कायम राहिली. दान आणि सेवा यांनी उभा असलेला हा धर्म कॅमेऱ्याला संथ वाटतो, एवढाच त्याचा दोष.

जाता जाता, पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलेला ढेरपोट्या हसरा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हे. तो बुदाई, दहाव्या शतकातला म्हणून सांगितला जाणारा चिनी भिक्षू.

तिकडच्या बौद्धांना बाबासाहेब माहीत आहेत का?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपेक्षा खूपच जास्त. कोलंबिया विद्यापीठात, जिथे ते १९१३ ते १९१६ शिकले, तिथल्या लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. १९९० च्या दशकापासून सामाजिक बांधिलकी मानणाऱ्या बौद्ध चळवळींवर इंग्रजीत जे लेखन झाले, त्यात व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान यांच्या बरोबरीने बाबासाहेबांवर प्रकरण असते. इंग्लंडचे बौद्ध भिक्षू संघरक्षित बाबासाहेबांना भेटलेले होते. ६ डिसेंबर १९५६ ला ते नागपुरातच होते आणि तिथल्या शोकसभेत बोलले. पुढे १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये काढलेल्या संघातून, आजच्या त्रिरत्न संघातून, अनेक इंग्रज बौद्धांना आंबेडकरी चळवळ पहिल्यांदा कळली. संघरक्षितांवर शिष्यांशी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि कोणाला दुखावले असल्यास त्याबद्दल २०१६ मध्ये त्यांनी खेद व्यक्त केला, हेही त्याच इतिहासाचा भाग म्हणून सांगायला हवे.

एक सल मात्र आहे. पुनर्जन्माला बाजूला ठेवून, आजच्या माणसाच्या विवेकाला उतरेल असा बुद्ध मांडणारे पाश्चात्त्य लेखक गेली काही दशके वाखाणले जातात. हेच धाडस बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये केले, जो १९५७ मध्ये निघाला. रूढ पुनर्जन्मकल्पना, गृहत्यागाची कथा, आर्यसत्यांची प्रचलित मांडणी, भिक्षूचे प्रयोजन, या चारही गोष्टींना त्यांनी प्रस्तावनेतच हात घातला. तेव्हा त्यांच्या वाट्याला आले ते ‘हा बुद्धाचा धम्म नव्हे’ असे शेरे. माझ्या इंग्लंडमधल्या वर्गात मी तो ग्रंथ लावत असे. पहिल्या तासाला विद्यार्थी विचारत की यात ध्यान कुठे आहे. त्यांना मी आधी प्रस्तावनेतले चार प्रश्न वाचायला देई, मग कालामसुत्त, आणि मग ग्रंथ. तुमचा कोणी नातेवाईक किंवा मित्र तिकडे असेल आणि त्याला हा ग्रंथ पाठवायचा असेल, तर टिपांसह संपादित केलेली इंग्रजी आवृत्ती पाठवा. बाबासाहेबांनी कुठल्या सुत्तातून काय घेतले आणि काय बदलले, हे तिच्यात सुत्तवार दिलेले असते, आणि तिकडच्या वाचकाला नेमके तेच हवे असते.