थायरॉइडच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘बेथेस्डा ३’ म्हणजे कॅन्सर का?

सोलापुरात आईंच्या गाठीची सुईची तपासणी झाली, रिपोर्टवर ‘बेथेस्डा ३’ आलं आणि तुम्ही घाबरलात, हे समजतं. पण ३ म्हणजे कॅन्सरची तिसरी स्टेज नव्हे! पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, ठाम काही सांगता येत नाही, एवढाच अर्थ. बेथेस्डा ही सुईच्या तपासणीचे निकाल सहा गटांत मांडायची पद्धत; तिच्या २०२३ च्या आवृत्तीनुसार गट ३ मध्ये कॅन्सरची शक्यता सरासरी २२ टक्के. गट २ मध्ये ४, गट ६ मध्ये ९७.

पूर्वी प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट आपापल्या शब्दांत लिहायचा आणि सर्जनची पंचाईत व्हायची. २००७ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे परिषद झाली, त्यातून हे सहा गट ठरले. म्हणून हा आकडा पुण्याचा डॉक्टरही तसाच वाचेल. गट ३ मध्ये बहुतेकदा पुन्हा सुई घालतात किंवा सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. लॅबमधून स्लाइड्स (पेशी लावलेल्या काचा) मात्र आठवणीने मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर नुसता कागद पुरत नाही.