वाचकांचे प्रश्न : जंतू जठरात, मारा आपल्याच पेशींचा

प्रश्न : पोटदुखीसाठी दुर्बिणीची तपासणी केली. ‘आरयूटी पॉझिटिव्ह’ (रॅपिड युरिएज टेस्ट, जठराच्या तुकड्यावर केलेली जंतूची झटपट चाचणी) आणि बायोप्सीत ‘क्रॉनिक अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस (जठराच्या अस्तराचा जुना, चालू दाह), एच. पायलोरी आढळले’ असा रिपोर्ट आला. या जंतूमुळे ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ वाढतो असे वाचले. म्हणजे नेमके काय होते? अँटिऑक्सिडंट गोळ्यांवर भागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : रिपोर्टमधला ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द महत्त्वाचा. जठराच्या अस्तरात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शिरल्या आहेत, असा त्याचा अर्थ. नुकसानीचा मोठा वाटा त्यांचाच असतो.

हेलिकोबॅक्टर पायलोरी (रिपोर्टमधला एच. पायलोरी) युरिएज या विकराने (एन्झाइमने) युरियाचा अमोनिया करतो आणि त्या आडोशाने आम्लात तगतो. (आरयूटीमध्ये पिवळे माध्यम गुलाबी होते, ते याच अमोनियामुळे.) मग तो श्लेष्माच्या थरात मुक्काम ठोकतो. त्याची प्रथिने न्यूट्रोफिलना बोलावतात आणि चेतवतात. या पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे मायलोपेरॉक्सिडेज विकराने हायपोक्लोरस आम्ल बनवतात. धुण्याच्या ब्लीचमधले जंतुनाशक रसायन तेच. ते जंतूने केलेल्या अमोनियाला भेटले की मोनोक्लोरामाइन तयार होते. ते पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत उतरते, म्हणून जास्त घातक. अशी जहाल रसायने म्हणजे ऑक्सिडंट; ती शरीराच्या बचावापेक्षा जास्त झाली की त्याला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी हा सारा मारा, तो बहुतेक वेळा सुटतो. त्याच्याजवळ कॅटालेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही विकरे भरपूर असतात आणि श्लेष्माचा आडोसाही असतो. मार बसतो अस्तराच्या पेशींना. त्यांच्या आवरणातल्या चरबीचे ऑक्सिडीकरण होते, मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रे) बिघडतात, डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाचे ऑक्सोग्वानिन होते. पेशी विभागताना त्याची जोडी चुकते आणि उत्परिवर्तन राहून जाते. जंतूमध्ये कॅग-ए प्रथिन असेल तर दाह अधिक तीव्र. अस्तराच्या पेशींमधले स्परमाइन ऑक्सिडेज हे विकरही तेव्हा वाढते आणि पेशी स्वतःच्या पोटातच पेरॉक्साइड बनवू लागते.

वर्षानुवर्षे हे चालले तर काहींच्या ग्रंथी झिजतात आणि जठराचे अस्तर आतड्यासारखे होऊ लागते. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची नोंद कर्ककारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्यांत, केली. घाबरू नका, बहुतेकांना कर्करोग होत नाही. पण सापडलेला जंतू तसाच ठेवू नये.

आता गोळ्यांचे. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडंट निष्प्रभ करणारे पदार्थ. ते जंतू मारत नाहीत, त्यामुळे ऑक्सिडंट बनण्याचे मूळ कारण कायम राहते. संसर्गात जठररसातले क जीवनसत्त्व कमी होते हे खरे, पण आवळा खाऊन जंतू जात नाही. नुसत्या आम्लरोधक गोळीने दुखणे थांबते, जंतू राहतो. डॉक्टरांनी दिलेला प्रतिजैविकांचा कोर्स, सहसा १४ दिवसांचा, पुरा करा. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारे जंतू बरेच आहेत; त्यामुळे जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून औषध घेऊ नका. कोर्समध्ये बिस्मथ असेल तर शौच काळे होते, ते चालते. मात्र डांबरासारखे चिकट शौच आणि सोबत चक्कर असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : एच. पायलोरीची औषधे संपून दहा दिवस झाले. रक्ताची चाचणी अजून पॉझिटिव्हच आहे. कोर्स फुकट गेला का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : त्या चाचणीवरून ते कळतच नाही. ती जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, आणि जंतू गेल्यावरही प्रतिपिंडे महिनोन्‌महिने रक्तात राहतात. युरिया श्वासचाचणी किंवा शौचातील अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) चाचणी करा, तीही प्रतिजैविके आणि बिस्मथ थांबवून किमान ४ आठवडे झाल्यावर. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशा गोळ्या २ आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवा. त्या चालू असताना जंतूंची संख्या तात्पुरती घटते आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. मधल्या काळात जळजळ झाली तर साधे अँटासिड चालेल.