नव्या शहरात व्हीगन सोबत शोधताना

नव्या शहरात गेल्यावर व्हीगन, म्हणजे दूध, मध, अंडं असं प्राणिज काहीच न खाणारी, कुटुंबं बहुधा आधी खाण्याच्या जागा शोधतात आणि माणसं तिथेच आपोआप भेटतील असं धरून चालतात. तशी ती भेटत नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाशी बोलायला कोण उठतं? शिवाय व्हीगन उपाहारगृहात जेवणारे कितीतरी लोक स्वतः व्हीगन नसतात. ओळख होते ती त्याच त्या माणसांना चार-पाचदा भेटल्यावर. म्हणून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी काय भरतं ते शोधा.

हा शोध सामान बांधण्याआधी, निदान महिनाभर आधी सुरू करा. शहराचं नाव आणि व्हीगन एवढंच इंग्रजीत टाकून थांबू नका. इंग्रजीतून सापडणारे गट पुष्कळदा बाहेरून आलेल्यांचे असतात, आणि नोकरी बदलली की त्यातली माणसंही बदलतात. मुळं धरलेली माणसं स्थानिक भाषेतल्या गटात असतात. तिथला शब्द तिथल्याच लिपीत टाका आणि नीट पाहून टाका. फ्रेंचमध्ये शाकाहारी म्हणजे 'वेजेतारियँ' आणि प्राणिज काहीच न खाणारा म्हणजे 'वेजेतालियँ'. फरक एका अक्षराचा, पण दूधदुभतं त्याच एका अक्षरात अडकलेलं असतं.

फेसबुक आणि मीटअप इथे गट सापडतील, पण सदस्यसंख्येवर जाऊ नका. गेल्या तीस दिवसांत प्रत्यक्ष भेटीची सूचना आहे का, भेटीनंतर कुणी फोटो टाकलेत का आणि भेट किती वाजता होती, एवढं पाहा. भेट रात्री आठला बारमध्ये असेल तर गट कितीही जिवंत असला तरी लहान मुलं असलेल्यांच्या कामाचा नाही. फेसबुकच्या खाजगी गटांमध्ये प्रवेशासाठी दोन-तीन प्रश्न विचारलेले असतात. त्यांची उत्तरं न दिल्यामुळे विनंती तशीच पडून राहते आणि लोक समजतात की गटाने नाकारलं. ॲडमिनचा निरोपही अनोळखी संदेशांच्या वेगळ्या कप्प्यात जातो. तो उघडून पाहा.

हॅपीकाऊ ही अशा खाण्याच्या जागा शोधून देणारी वेबसाइट १९९९पासून चालू आहे. त्यावर व्हीगन, शाकाहारी आणि व्हीगन पर्याय मिळणाऱ्या जागा वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. त्यातल्या पूर्ण व्हीगन दुकानांत आणि कॅफेंत एकदा स्वतः जा, सूचनाफलक वाचा आणि काउंटरवर सरळ विचारा, 'इथे कुटुंबांच्या भेटी होतात का?' गावात कोण काय चालवतं हे या लोकांना चांगलं माहीत असतं. तसाच भरवशाचा मार्ग म्हणजे सुटका केलेल्या प्राण्यांचं आश्रयस्थान किंवा निवारा. स्वयंसेवकांचे दिवस ठरलेले असतात, मुलांच्या हाताला काम मिळतं आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही. लाजऱ्या माणसाला तर हाच मार्ग सगळ्यात सोपा. मुलांसाठी वयाची अट असते का, तेवढं आधी विचारा.

वेळही साधता येते. १ नोव्हेंबरला जागतिक व्हीगन दिन असतो. व्हीगन सोसायटी १९४४मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली आणि तिच्या पन्नाशीनिमित्त १९९४पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. जानेवारीत व्हीगॅन्युअरी, म्हणजे महिनाभर व्हीगन खाऊन पाहायची मोहीम, असते, २०१४पासून. या दोन महिन्यांत झोपलेले गटही जागे होतात, तेव्हा शिरकाव करून घ्या. मात्र जानेवारीतली गर्दी महिनाभरासाठी प्रयोग करणाऱ्यांची असते. मार्चमध्ये जे उरतात तेच आपले लोक.

सगळे व्हीगन गट सारखे नसतात, आणि हे कुणी आधी सांगत नाही. काही गट रस्त्यावर उभं राहून प्राण्यांसाठी प्रचार करणारे, काही तेल-साखर टाळणारे आरोग्यवादी, काही फक्त कच्चं खाणारे, तर काही निव्वळ एकत्र जेवणारे. पहिल्याच भेटीत सूर जुळला नाही म्हणून 'इथले व्हीगन असेच' असं ठरवू नका. बहुधा गट चुकलेला असतो. एका गटाला तीन भेटी द्या, मग ठरवा.

गटात पहिला संदेश टाकताना नेहमीची चूक होते: 'आम्ही नवीन आहोत, कुणी भेटेल का?' याला अंगठे भरपूर येतात, भेट होत नाही, कारण पुढचं पाऊल कुणी टाकायचं तेच त्यात नसतं. त्याऐवजी असं लिहा: 'आम्ही शहराच्या उत्तर भागात राहायला आलो आहोत. मुलं चार आणि सात वर्षांची. येत्या शनिवारी सकाळी साडेदहा ते बारा मोठ्या बागेत खेळाच्या जागेजवळ असू. पाऊस आला तर वाचनालयात.' दिवस, वेळ, जागा आणि पावसाची सोय, एवढं पुरे. घराचा पत्ता, शाळेचं नाव आणि मुलांचे फोटो टाकू नका. येतो म्हणणाऱ्यांपैकी निम्मेच येतील असं धरा. एकच कुटुंब आलं तरी पुढची तारीख तिथेच ठरवून मग निघा.

दोन महिन्यांत जमण्यासारखं काही सापडलं नाही तर स्वतः सुरू करा. तीन कुटुंबं पुरतात. तारीख दरवेळी मतं घेऊन ठरवू नका. 'महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी अकरा' असं एकदाच ठरवा. सगळ्यांची सोय पाहत बसल्यानेच बहुतेक गट मोडतात. एकत्र जेवण ठेवलंत तर प्रत्येक घराने आपल्या माणसांना पुरेल त्याहून दोन ताटं जास्त आणावं. प्रत्येक पदार्थाजवळ घटकांची चिठ्ठी हवी, त्यात शेंगदाणे, सुकामेवा, तीळ, सोया आणि गहू ठळक लिहिलेले. प्रत्येक भांड्याला स्वतंत्र डाव. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कडक उन्हात एका तासाहून नाही.

आमंत्रणात 'शाकाहारी' हा शब्द वापरू नका, विशेषतः मराठी मंडळींना बोलावताना. आपल्याकडे शाकाहारात दूध येतंच, आणि मनापासून केलेला पदार्थ तुपामुळे बाजूला राहिला की करणारी काकू दुखावते. 'दूध, दही, लोणी, तूप, मध, अंडं यातलं काहीच नको' असं यादीनेच सांगा. विमानात जेवणाचा कोड सांगतानाही हाच घोळ होतो: व्हीजीएमएल हे व्हीगन जेवण, तर एव्हीएमएल हे आशियाई शाकाहारी, ज्यात दूधदुभतं असू शकतं. तिथल्या मराठी मंडळाशी फटकून मात्र राहू नका. 'दोन पदार्थ आम्ही आणतो' म्हटलं की कार्यक्रमाला जायची अडचण उरत नाही. सासूबाई किंवा आई राहायला आल्या असतील तर त्यांनाही गटाच्या भेटीला न्या. घरातला वाद तिथे चार अनोळखी माणसांपुढे बराच निवळतो.

मुलांसाठी गटातलं एक व्हीगन मूल पुरेसं असतं. डब्यात वेगळं असणारे आपण एकटे नाही, एवढंच त्यांना कळायला हवं. शाळेला लेखी कळवा, पण सोपं जावं म्हणून ॲलर्जी आहे असं लिहू नका. ॲलर्जी म्हटली की डॉक्टरांचं पत्र आणि औषधाची तयारी मागितली जाते, आणि खोटं उघडं पडलं तर खऱ्या ॲलर्जीच्या मुलांवरचा विश्वास उडतो. वर्गातल्या वाढदिवसांसाठी टिकाऊ व्हीगन खाऊचा डबा शिक्षकांकडे ठेवून द्या.

गटात आरोग्याचे सल्ले भरपूर मिळतील. 'बी१२ जीवनसत्त्वाची गोळी नको, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) पुरते' असं कुणी म्हणालं तर पाककृती घ्या, हा सल्ला घेऊ नका. स्पिरुलिनात मुख्यतः बी१२सारखा दिसणारा पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असा घटक असतो. गोळीच घेणाऱ्या प्रौढांसाठी व्हीगन सोसायटी रोज निदान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून निदान २००० मायक्रोग्रॅम सुचवते. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी मात्रा आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावी. व्हीगन कुटुंबांना समजून घेणारा आहारतज्ज्ञ कोण, हे मात्र गटालाच विचारा.

गट जमला की ॲडमिनपद दोन घरांकडे ठेवा, आणि त्यातलं एक तिथे कायम राहणारं असू द्या. आपल्यातले पुष्कळजण दोन-चार वर्षांत पुन्हा शहर बदलतात, आणि एकाच माणसाच्या फोनवर चाललेला गट त्याच्याबरोबरच बंद पडतो.