विंच मोठा घेण्याआधी डेकखाली हात घाल

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि होडीच्या डेकचे फोटो मिळाले. आठ नंबरचा जुना विंच, म्हणजे शिडाचा दोर ड्रमवर गुंडाळून हँडलने ओढण्याचे यंत्र, काढून सोळा नंबरचा बसवण्याचा तुझा बेत योग्य आहे, कारण रत्नागिरीहून जयगडकडे वर जाताना दुपारी वायव्येचा वारा सुटला की पुढचे शीड ओढून धरताना हात कसे भरून येतात, हे मीही भोगले आहे. परंतु नवा विंच जुन्याच चार भोकांवर बसवण्याचे तू लिहिले आहेस, तिथे मी तुला थांबवतो.

सोळा नंबर म्हणजे हँडलवर लावलेले बळ घर्षण वगळता सोळा पट होते. २५४ मिलिमीटरचे हँडल ३२ मिलिमीटर त्रिज्येच्या ड्रमवर सुमारे आठ पट काम करते आणि आतले दाते ते दुप्पट करतात. तू वीस किलोचा जोर लावलास, तर दोरावर तीनशे किलोच्या आसपास ताण येतो आणि तो सगळा डेकमधून आरपार गेलेल्या चारपाच बोल्टांना पेलावा लागतो.

माझ्या पहिल्या होडीवर मी नटांखाली रुपयाएवढे वॉशर घालून मोकळा झालो होतो. डेक फायबरचा दिसत असला तरी दोन थरांमध्ये प्लायवुड होते. तीन पावसाळ्यांत भोकांतून पाणी मुरून ते चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले आणि भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाऱ्याच्या एका झोताबरोबर विंच पुढे कलला. म्हणून जुनी भोके मोठी करून आतले ओले लाकूड खरवडून काढ, ते पूर्ण वाळू दे, भुकटी मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सी राळेने भर आणि मगच नवी भोके पाड. खालून विंचच्या बैठकीपेक्षा मोठी, कडा गोल केलेली फायबरग्लासची जाड पट्टी लाव; अॅल्युमिनियमची नको, कारण खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या सान्निध्यात तेच आधी खाल्ले जाते. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घे. सील करण्यासाठी ब्युटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, पुरते, मात्र बैठकीतल्या पाणी जाण्याच्या वाटा तिने बुजवू नकोस.

आता जागेविषयी, आणि यात घाई मुळीच नको. ड्रमच्या मापाचा रंगाचा रिकामा डबा दुहेरी टेपने डेकवर चिकटव आणि पुढच्या शिडाचा दोर त्याच्या कप्पीतून आणून डब्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन वेढे दे. दोर खालून वर चढत, पाच ते दहा अंशांचा कोन करून ड्रमला भिडला पाहिजे. तो आडवा किंवा वरून आला, तर नवा वेढा आधीच्या वेढ्यावर चढतो, दोर अडकतो आणि भर वाऱ्यात शीड सोडताच येत नाही. होडी आडवी होत असताना असा दोर चाकूने कापावा लागलेले लोक मला ठाऊक आहेत. कोन जमत नसेल तर विंचखाली तिरकी बैठक घाल. डब्याच्या मध्यावर हँडल धरून पूर्ण फेरी मारून पाहा, आणि तीही हँडल मुठीत धरून. कठड्याच्या खांबाला हँडल चुकते, पण बोटांची सालटी निघतात.

देखभाल दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, होडी वर ओढल्यावर कर. दात्यांना ग्रीसचा पातळ हात पुरे. ड्रमला उलटे फिरू न देणाऱ्या खटक्यांना मात्र हलके तेलच दे, कारण ग्रीसमध्ये ते चिकटून बसतात आणि हँडल उलटे फिरून मनगटावर येते. विंच उघडताना तळाला भोक पाडलेले खोके त्याभोवती अडकव. खटक्यांच्या स्प्रिंगा फार चपळ असतात. माझ्या दोन अजून मिरकरवाडा बंदराच्या तळाशी असतील.

ड्रिल हातात घेण्याआधी डबा चिकटवलेला आणि दोर ताणलेला एक फोटो बाजूने काढून मला पाठव.

तुझा,
काका