स्टेंट बसवूनही छातीत दुखते तेव्हा

रक्तवाहिनी आता मोकळी आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावरही छातीत दुखत राहते, मग स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) पुन्हा बंद तर होत नसेल ना, ही शंका अँजिओप्लास्टी झालेल्या अनेकांना छळते. नागपूरच्या प्रतापनगर भागात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हीच शंका घेऊन पत्नीसह माझ्याकडे समुपदेशनासाठी आले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांना स्टेंट बसवला होता आणि त्यानंतर रात्री-अपरात्री त्यांनी अनेकदा रुग्णालय गाठले होते. दरवेळी ईसीजी आणि रक्ततपासणी ठीक निघे, आणि शेवटी त्यांना सांगण्यात आले, की हे सगळे मनाचे आहे.

‘‘तेव्हापासून हे मला काही सांगतच नाहीत, मॅडम,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पांघरुणात मनगट धरून नाडी मोजत बसतात.’’

‘मनाचे आहे’ हे वाक्य रुग्णाला धीर देत नाही, गप्प करते, आणि हृदयरुग्णाने गप्प बसणे धोक्याचे असते. शिवाय ते बहुतेक वेळा अपुरे असते. स्टेंट मोठ्या वाहिनीतील एक अडथळा दूर करतो. हृदयाच्या स्नायूत पसरलेल्या सूक्ष्म वाहिन्यांपर्यंत तो पोहोचत नाही, आणि वाहिनी अधूनमधून आकुंचन पावत असेल तर तेही त्याने थांबतेच असे नाही. स्टेंटनंतर दर पाच रुग्णांपैकी किमान एकाला छातीचा त्रास राहतो किंवा पुन्हा सुरू होतो, असे अभ्यासांत दिसले आहे.

मी त्यांना एक साधी वही ठेवायला सांगितली. त्रास केव्हा झाला, तेव्हा आपण काय करत होतो, तो किती वेळ टिकला आणि कशाने थांबला, एवढेच त्यात लिहायचे होते. काही आठवड्यांनी वही चाळली तेव्हा ‘छातीत दुखते’ या एका तक्रारीत तीन वेगळे त्रास मिसळलेले दिसले. जेवणानंतर जिना चढताना मधोमध जडपणा येई आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरे. खुर्चीत स्वस्थ बसले असतानाही अचानक श्वास अपुरा वाटे. रात्री मात्र बोटाने दाखवता येईल अशी, क्षणभराची टोचणी असे. तिच्या मागोमाग भीती, भरभर श्वास आणि धडधड.

ही वही घेऊन ते आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. श्वासाचा त्रास टिकाग्रेलॉर या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळीमुळे होत असावा असे वाटून डॉक्टरांनी ती बदलून दिली आणि तो त्रास थांबला. (अशी गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीवावर बेतू शकते.) जिन्यावरचा जडपणा खरा अंजायनाच (हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा छातीचा त्रास) होता. तपासण्यांत स्टेंट मोकळा आढळला, दोष सूक्ष्म वाहिन्यांचा ठरला आणि त्यानुसार औषधे वाढवली गेली.

माझ्या वाट्याला रात्र आली. श्वास सावकाश सोडण्याचा सराव आणि नाडी मोजण्याच्या वेळा हळूहळू कमी करणे, हे आम्ही केले. पण खरा आधार मिळाला तो डॉक्टरांकडून लिहून घेतलेल्या नियमांचा. जडपणा आला की बसायचे, सॉर्बिट्रेट ही अंजायनावरची गोळी जिभेखाली ठेवायची, पाच मिनिटांत आराम नाही तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायचा. घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाबरेपणा असेल तर तेवढेही थांबायचे नाही. कधी धावायचे हे पक्के ठरल्यावर उरलेल्या वेळी न धावणे त्यांना जमू लागले.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला अंगातले पाणी कमी झाले की चक्कर व धडधड सहज होते. म्हणून त्यांचे चालणे सूर्योदयापूर्वी अंबाझरी तलावाच्या बाजूला होते, आणि पाणी किती प्यायचे हेही त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतले आहे. जिन्यावर अजूनही कधीकधी जडपणा येतो. ते थांबतात आणि काकूंना हाक मारून सांगतात. काकूंची झोप मात्र अजून पूर्ववत झालेली नाही, त्यामुळे पुढचे सत्र मी केवळ त्यांच्यासाठी ठेवले आहे.