आधी किल्ल्यांचा जुडगा सांभाळ

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे प्रॉपर्टीत गुंतवणूक करायची आहे, पण भांडवल नाही. त्यातलं काही शिकता येईल असं काम कॉलेज सांभाळून करावं म्हणते. एका ब्रोकरच्या ऑफिसात घरं दाखवायचं काम मिळतंय. घेऊ का?

उत्तर : काम वाईट नाही, पण पहिलं ते नको. ब्रोकरला कमिशन मिळतं ते व्यवहार झाला की. त्यानंतर त्या घराचं काय होतं, हे तिथे बसून तुला दिसणार नाही, आणि गुंतवणूकदाराची खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

त्यापेक्षा भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या कुणाच्या तरी हाताखाली जा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना घर दाखवायला जायची हौस असते, किल्ल्यांच्या जुडग्यात कुणालाच रस नसतो! भाड्याच्या नोंदी ठेवायच्या, गळक्या नळासाठी प्लंबरच्या मागे लागायचं, अनामत रकमेवरून होणारे वाद ऐकायचे. कंटाळा येईल. पण वर्षातून एक महिना घर रिकामं राहिलं, तर वर्षाच्या भाड्यातले 8 टक्क्यांहून जास्त गेले, आणि रंगरंगोटीचा खर्च वेगळाच, हे तुला कागदावर नाही, वहीत रोज दिसेल.

भाडेकरू घर सोडतो त्या दिवशीची पाहणी तर चुकवूच नकोस. सिंकखालचं कपाट उघड. तळाची प्लाय फुगलेली असेल, तर गळती बरीच जुनी. छताचा एवढासा तुकडाच नव्याने रंगवलेला दिसला, तर वर काय आहे ते विचार. फरशीवर नाण्याने टकटक कर. आवाज पोकळ आला, तर ती खालून सुटलेली असण्याची शक्यता आहे. अशी वीस घरं पाहिलीस की दारातून आत शिरतानाच नजर नेमकी जाईल.

तू वाणिज्यची आहेस, म्हणून कर्जाचं गणित आत्तापासूनच एक्सेलमध्ये मांडून बघ. 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतलेल्या कर्जात दर 100 मागे जवळपास 216 परत जातात, आणि पहिल्या हप्त्याचे सहातले पाच भाग नुसतं व्याज असतं. सुट्टीत गृहकर्ज देणाऱ्या संस्थेत फाइली लावायचं काम मिळालं, तर कर्ज कुणाला नाकारतात आणि का, तेही कळेल.

मालमत्तेचे व्यवहार पाहणाऱ्या वकिलाकडे टायपिंग मिळालं तरी चालेल. जुनी खरेदीखतं वाचताना मालकीची साखळी कुठे तुटते, कोणत्या वारसाची सही राहिली, हे आपोआप लक्षात येऊ लागतं.

घासाघीस मात्र ब्रोकरकडेच शिकायला मिळते, हे मान्य. त्यामुळे त्याला सरळ नाही म्हणू नकोस. भाड्याच्या घरांचं काम तो बघत असेल, तर सुरुवातीला तिथे बसवता का, एवढं विचारून बघ.