व्हिम आणि टर्मिनल: सुरुवात कुठून करायची?

व्हिम हा टर्मिनलात, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारा टेक्स्ट एडिटर. दुसऱ्याची पाचशे ओळींची व्हिमआरसी (व्हिमच्या सेटिंगची फाइल) उचलून आणू नकोस. काही बिघडलं तर नेमकी कुठली ओळ नडतेय ते कळणारच नाही. आधी टर्मिनलात व्हिमट्यूटर (व्हिमसोबत येणारा सरावाचा धडा) चालव, अर्ध्या तासाचं काम आहे. मग रिकाम्या फाइलपासून सुरुवात कर आणि खरोखर अडेल तेव्हाच एक ओळ वाढव, तीही अर्थ समजून.

– बॅशमध्ये (टर्मिनलातल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधायची सवय लाव.
– डॉटफाइल्स (व्हिमआरसीसारख्या, नावाआधी टिंब असलेल्या सेटिंगच्या फाइली) पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठेव. पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखीच गुप्त किल्ली) मात्र त्यात चुकूनही नको.

रंगसंगतीवर एखादा रविवार जाईलच, सगळ्यांचा जातो! फॉन्ट मात्र शून्य आणि इंग्रजी ओ वेगळे दिसतील असाच घे. प्लगइनचं (व्हिमला जोडायच्या जादा सोयींचं) नंतर बघू.